झांकलेला खोकला

आपल्या भाषेंत ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ अशी एक म्हण आहे. घरची गरिबी, भावाभावांतील तंटा, परीक्षेंतील अपयश या गोष्टी चार लोकांत न सांगतां पोटांत ठेवणें पुष्कळदां शहाणपणाचें असतें, हें कोणीही कबूल करील. परंतु त्या मुठींत जेव्हां एखादा सांसर्गिक रोग असतो, तेव्हां ती झांकून ठेवण्याची किंमत सव्वा लाखावर भागत नाहीं. ती घरांतील पोराबाळांच्या प्राणांनीं चुकवावी लागते. क्षयासंबंधानें आपल्याकडे हेंच चाललें आहे असें माझें मत आहे. आणि तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें उघडपणें मांडावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

क्षय हें कांहीं पूर्वजन्मींच्या पापाचें फळ नव्हे, कीं घराण्यावरचा डागही नव्हे. एका सूक्ष्म जंतूमुळें हा रोग होतो, असें डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं सप्रमाण जाहीर केलें. पण कारण कळलें म्हणून औषध हातीं आलें, असें झालें नाहीं. अमेरिकेंत शिकून १८८६ सालीं डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी पुढच्याच वर्षीं, फेब्रुवारी १८८७ मध्यें, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, याच रोगानें पुण्यास निवर्तल्या. ज्या बाईंनीं दुसऱ्यांस बरें करण्याची विद्या संपादिली, त्यांस वांचविण्याची विद्या तेव्हां जगांत कोणापाशींच नव्हती. स्ट्रेप्टोमायसिन हें पहिलें गुणकारी औषध १९४३ सालीं सांपडलें व त्यानंतर एकामागून एक दुसरीं औषधें आलीं. आज साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनीं बरा होतो, आणि या गोळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. असें असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं जगांत सुमारें साडेबारा लक्ष माणसें या रोगानें मेलीं, आणि त्या वर्षीं नव्यानें आजारी पडलेल्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा एकट्या आपल्या देशांतील होता. औषध आहे, आणि तरी मरण आहे. मग उणीव कोठें आहे?

रोग कसा पसरतो हें नीट समजलें कीं याचें उत्तर मिळूं लागतें. फुप्फुसाचा क्षय झालेला मनुष्य खोकतो, शिंकतो, मोठ्यानें बोलतो किंवा गातो, तेव्हां डोळ्यांस न दिसणारे अतिसूक्ष्म तुषार हवेंत जातात व बंद खोलींत तासन् तास तरंगत राहतात. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं १९५६ सालापासून वेल्स व रायली या शास्त्रज्ञांनीं क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा नळांनीं वरच्या माळ्यावर, गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे नेली. त्या प्राण्यांनीं रोग्यांचें तोंडही पाहिलें नव्हतें. तरी केवळ त्या हवेनें त्यांच्यांत क्षय शिरला. हा रोग ताटवाटींत, कपड्यांत किंवा हाताच्या स्पर्शांत वास करीत नाहीं. तो कोंडलेल्या हवेंत वास करतो. आपल्या कित्येक घरांत मात्र रोग्याचें ताट निराळें, पेला निराळा, बादली निराळी. आणि रात्रीं दारें-खिडक्या घट्ट लावून सारें कुटुंब त्याच खोलींत निजतें. म्हणजे जेथें भय नाहीं तेथें सोंवळें, आणि जेथें भय आहे तेथें बेपर्वाई!

यापुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. जुन्या काळीं रोग्यास घरापासून दूर, मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत, महिनेच्या महिने ठेवीत. तो घरीं राहिल्यास साऱ्या घराचा घात होईल अशी समजूत होती, आणि औषध नव्हतें तोंवर ती निराधारही नव्हती. १९५६ सालीं मद्रास शहरांत या समजुतीची कसोटी घेण्यास आरंभ झाला. दाटीवाटीच्या वस्तींतील कांहीं रोग्यांस आरोग्यधामांत व कांहींस त्यांच्याच घरीं ठेवून सारखींच औषधें देण्यांत आलीं. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां दोहों ठिकाणचे रोगी जवळजवळ सारखेच सुधारल्याचें दिसून आलें. इतकेंच नव्हे, तर घरीं औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांस दुसऱ्या गटांतील कुटुंबीयांपेक्षां अधिक बाधा झाल्याचें आढळलें नाहीं. याचा अर्थ उघड आहे. कुटुंबास जो संसर्ग व्हावयाचा, तो बहुतांशी रोग ओळखला जाण्यापूर्वींच होऊन गेलेला असतो. योग्य औषध सुरू झालें कीं थोड्याच आठवड्यांत रोग्यापासूनचें भय झपाट्यानें ओसरतें. म्हणून औषध घेणाऱ्या रोग्यापेक्षां, ज्याची अजून कोणीं तपासणीच केली नाहीं अशा खोकल्याचें भय अधिक बाळगावें, असें मी म्हणतों.

हा खोकला लपविला कां जातो? मुलगी उपवर असली कीं, “हवा पालटली आहे, काढा घे,” असें म्हणून महिना-महिना काढतात. कारण पाहुण्यांच्या कानीं क्षयाचा शब्द गेला तर सोयरीक मोडेल. बाप कारखान्यांत कामास असला तर तो जाणूनबुजून दवाखान्याची पायरी चढत नाहीं. कारण मालकास कळलें तर नोकरी जाईल. या भीतीस कांहींच आधार नाहीं असें म्हणणें खोटेपणाचें होईल. सोयरिकी मोडतात, नोकऱ्याही जातात. पण कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. लपविलेला रोग वाढतो, आणि मग तो एकट्या मुलीचा न राहतां धाकट्या भावाचा व आजीचाही होतो. तेव्हां सारा दोष लपविणाऱ्याच्या माथीं मारून भागणार नाहीं. ज्यांच्या भयानें तो लपवितो, त्या आपणां सर्वांकडे त्या दोषाचा मोठा वांटा येतो.

घरांत करावयाच्या गोष्टी थोड्या व सोप्या आहेत. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, सायंकाळीं कणकण येऊं लागली, वजन उतरलें किंवा थुंकींतून रक्त पडलें, तर कफाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. रोग ठरल्यावर पहिले कांहीं आठवडे रोग्यानें माणसांत असतांना तोंडावर मुखपट्टी बांधावी, आणि शक्य तर हवेशीर जागीं निराळें निजावें. घरांतील इतर सर्वांची, विशेषतः पांच वर्षांखालील मुलांची, तपासणी करावी व डॉक्टर सांगतील तर प्रतिबंधक औषधही द्यावें. जन्मतःच टोंचावयाची बी. सी. जी. ची लस लहान मुलांस क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून वांचविते. मोठेपणीं मात्र तिच्यावर विसंबून राहतां येत नाहीं. थोडें बरें वाटलें म्हणून गोळ्या मध्येंच सोडूं नयेत. कारण अशानें जंतु औषधास दाद देईनासे होतात. जेवणाकडेही दुर्लक्ष करूं नये. २०१९ ते २०२२ या काळांत झारखंडांत रोग्यांच्या दहा हजारांवर कुटुंबीयांची पाहणी झाली. ज्या कुटुंबीयांस दरमहा जादा अन्नधान्य मिळालें, त्यांच्यांत क्षयाचें प्रमाण इतरांच्या मानानें सुमारें दोनपंचमांश कमी आढळलें. रोग्याच्या पोषणासाठीं १ नोव्हेंबर २०२४ पासून सरकारनें दरमहा १००० रुपयांचें साहाय्य ठरविलें आहे; तें मागण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

येथें कोणी म्हणेल, “एका खोलींत आठ माणसें राहतात, निराळी जागा आणावी कोठून?” प्रश्न खरा आहे. पण मद्रासचीं तीं घरेंही कांहीं वाडे-हवेल्या नव्हतीं. जेथें जागा नाहीं तेथें औषध लवकर सुरू करणें आणि वारा खेळूं देणें या दोन गोष्टींचें महत्त्व दुप्पट होतें. पेरू देशांतील लिमा शहरीं रुग्णालयांची पाहणी होऊन २००७ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत, खिडक्या उघड्या ठेवल्यास, यंत्रानें हवा पुरविलेल्या नव्या खोल्यांहून हवा कितीतरी अधिक वेळां पालटते. उलट मुंबईस गोवंडी-मानखुर्द भागांत पुनर्वसनाच्या कांहीं इमारती एकमेकींस इतक्या खेटून उठविल्या कीं, खालच्या मजल्यांवर ऊन व वारा पोंचेना; आणि तेथें क्षयाचे रोगी अधिक असल्याचें अभ्यासकांनीं दाखवून दिलें. घर बांधणाऱ्यानें व घेणाऱ्यानें खिडकीची किंमत औषधाच्या बाटलीइतकीच धरावी.

कामाच्या ठिकाणींही हाच न्याय लागू पडतो. शिवणकामाचे कोंदट गाळे काय, किंवा दारें लावून थंड केलेल्या कचेऱ्या काय, एकाची हवा सर्वांनीं घ्यावयाची. दगडखाणींतील कामगाराच्या छातींत तर दगडाची धूळ बसून क्षयास वाट आधींच मोकळी झालेली असते. तेथें पाणी मारून धूळ दाबणें हें मालकाचें कर्तव्य आहे. आणि रोगी कामगारास कोणींही काढून टाकूं नये. काढून टाकलेला मनुष्य पोटासाठीं दुसऱ्या गाळ्यांत जातो व तेथें खोकला लपवितो. एवढेंच काय तें साधतें. त्यास पहिले कांहीं आठवडे पगारी रजा द्यावी व डॉक्टरांची अनुज्ञा मिळतांच परत घ्यावें. यांत दया आहेच, पण व्यवहारही आहे. एका माणसाची महिन्याची रजा चार माणसांच्या दुखण्याहून स्वस्त पडते.

विद्यार्थिमित्रहो, यांत तुमच्याकडेही एक काम आहे. तुमच्या वर्गांतील एखादा सोबती या रोगाचा उपचार घेऊन, डॉक्टरांच्या परवानगीनें शाळेंत परत आला, तर त्याच्या बाकावर त्याच्या शेजारीं बसा. तो एकटा बसलेला दिसला तर ती वार्ता संध्याकाळच्या आंत घरोघर पोंचेल, आणि ज्या घरांत खोकला आहे तें घर तो अधिकच खोल दडवील. तुम्ही त्याच्या शेजारीं बसलेले दिसलांत, तर कदाचित् अशाच एखाद्या घरची आई दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपल्या मुलाचा हात धरून दवाखान्याची वाट चालूं लागेल.