परंड्याची वेबसाइट फुकटचीच असावी

धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याविषयी मराठीत एक चांगली वेबसाइट असावी, ती परंड्याच्याच माणसांनी करावी आणि ती फुकटच्या जागेवर उभी करावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या दोन गोष्टींना कुणी विरोध करत नाही. तिसरी उच्चारली की समोरच्याचा चेहरा बदलतो. फुकटची म्हणजे हलकी, फुकटची म्हणजे तात्पुरती, आणि फुकटच्या ठिकाणी बघायला येणार तरी कोण? या तिन्ही शंका मला चुकीच्या वाटतात. शेवटची तर घातक वाटते, कारण तिच्यापायी काम सुरूच होत नाही.

ज्या गावात हंसराज स्वामींसारख्या वेदान्ती ग्रंथकाराने आयुष्य घालवले, त्या गावाला वादाची रीत नव्याने सांगायला नको. आधी पूर्वपक्ष पुऱ्या ताकदीने मांडावा, मग त्याचे खंडन करावे.

तर पूर्वपक्ष असा. फुकटच्या वेबसाइटचा पत्ता लांबलचक असतो, त्याच्या मागे पुढे कंपनीचे नाव लटकते, काही ठिकाणी कंपनी आपल्या जाहिरातीही त्यावर लावते. गावाची शोभा जाते. दुसरे, कंपनीच्या मनात आले की ती दुकान बंद करणार आणि आपली मेहनत मातीत जाणार. तिसरे, सगळा गाव फेसबुकवर आणि व्हॉट्सअॅपवर असताना आणखी वेगळे घर बांधायचेच कशाला? चौथे, जाहिरातीला पैसे ओतल्याशिवाय गूगल कुणाला वर आणत नाही. आणि पाचवे, किल्ल्याची माहिती विकिपीडियावर आहे, रस्ता नकाशावर आहे, मग राहिले काय?

पहिल्या आक्षेपातले खरे आधी मान्य करतो. पत्ता लांब असतो, हे खरे. पण पत्ता हाताने टाइप करून आज किती जण येतात? लोक शोधून येतात, कुणीतरी पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवून येतात, भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून येतात. या तिन्ही वाटांवर पत्त्याच्या लांबीने काही अडत नाही. जाहिराती नको असतील तर गूगल साइट्स आहे, थोडे तांत्रिक जमत असेल तर गिटहब पेजेस आहे. दोन्हीकडे कंपनी आपल्या पानावर जाहिराती लावत नाही. पुढे कधी ऐपत आली तर स्वतःचा पत्ता विकत घेऊन याच जागेला जोडता येतो. म्हणजे फुकटात सुरुवात केल्याने पुढचा दरवाजा बंद होत नाही.

आता टिकण्याचा प्रश्न. पैसे भरून केलेली वेबसाइट टिकते, हा समज कुठून आला कोण जाणे. तालुक्याच्या गावात अशा वेबसाइटचे काय होते ते जरा आठवून पाहा. कुणी उत्साही माणूस पुढाकार घेतो, वर्गणी होते, शहरातल्या डिझायनरला काम दिले जाते. लोकार्पण होते, फोटो छापून येतात. मुखपृष्ठावर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि आतल्या निम्म्या पानांवर ‘माहिती लवकरच’ एवढेच. वर्ष सरते. पत्त्याच्या नूतनीकरणाचा निरोप जातो तो डिझायनरच्या ईमेलवर. तोपर्यंत समिती बदललेली असते, पुढाकार घेणारा नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला असतो. रक्कम हजार रुपयांच्या आसपासचीच, पण ती कुणी भरायची हे ठरलेलेच नसते. पत्ता सुटतो. सुटलेला पत्ता दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि मग गावाच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात. फुकटच्या जागेला हा धोका नाही. तिथे खात्यात कुणी अधूनमधून फिरकले की पान सहसा जागेवर राहते. विस्कळीत वर्गणीवर चालणाऱ्या गावकामाला हीच व्यवस्था मानवते.

कंपनी दुकान बंद करू शकते, हे मात्र शंभर टक्के खरे आहे. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर जगभरातल्या हौशी माणसांनी फुकटची पाने उभारली. याहूने १९९९ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली सेवा बंद केली. आपल्याकडे घराघरांत पोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटले. पण यातून निघणारा धडा ‘फुकट घेऊ नका’ असा नाही. ज्यांच्याजवळ प्रत होती त्यांचे काहीच गेले नाही, आणि जिओसिटीजची कितीतरी पाने स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने उतरवून ठेवली म्हणून आजही वाचता येतात.

प्रत करणे म्हणजे काय, हे परंडा तालुक्याला कुणी शिकवायला नको. सीना नदीच्या काठी डोमगावला कल्याणस्वामींची समाधी आहे. समर्थ रामदास सांगत आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी लिहून घेत, असा दासबोध तयार झाला. तो टिकला आणि पसरला तो मठामठांतून झालेल्या हस्तलिखित प्रतींमुळे. एकाच मठाच्या एकाच पेटीत तो ठेवला असता तर आग, पूर, वाळवी यांपैकी एकानेही काम भागवले असते. वेबसाइटच्या बाबतीत हेच करायचे. मूळ मजकूर साध्या फाइलमध्ये आपल्या संगणकावर, दुसरी प्रत शाळेच्या किंवा वाचनालयाच्या संगणकावर, आणि प्रत्येक पान तयार झाले की इंटरनेट आर्काइव्हवर त्याची नोंद. त्याला पैसे पडत नाहीत, आणि एका पानाला मिनिटभरही लागत नाही.

तिसरा आक्षेप फेसबुक व्हॉट्सअॅपचा. ही माध्यमे निरोप देण्यासाठी उत्तम आहेत, साठवणीसाठी निकामी. किल्ला किती वाजता उघडतो, असे कुणी ग्रुपवर विचारतो. पाचजण उत्तरे देतात, त्यातली दोन चुकीची. आठवड्याने दुसरा कुणी तोच प्रश्न विचारतो आणि गाडे पुन्हा पहिल्यापासून. शिवाय आपल्याकडे माहिती पाठवायची रीत म्हणजे रंगीत बॅनर. यात्रेचे वेळापत्रक, व्याख्यानाची सूचना, बसच्या वेळा, सगळे चित्रात. चित्रातले शब्द सहज उचलता येत नाहीत, दुरुस्त करता येत नाहीत, आणि शोधणाऱ्याच्या हाती क्वचितच लागतात.

याच जातीची दुसरी अडचण फॉन्टची. इंटरनेटवर आलेल्या पहिल्या मराठी वृत्तपत्रांचे फॉन्ट ज्याचे त्याचे वेगळे होते. तो फॉन्ट उतरवून घेतल्याशिवाय बातमी वाचताच येत नसे. त्या काळातला मजकूर शोधून सापडत नाही तो त्यामुळेच. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तिथे जागा आहे, तरी तालुक्याच्या गावातले डीटीपीचे काम अजून बऱ्याच ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये चालते. स्मरणिकेतला सुरेख लेख डीटीपीवाल्याकडून आणून जसाच्या तसा वेबपानावर चिकटवला की पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची अर्थहीन रास उमटते. मग कंटाळून लोक त्याच लेखाचा फोटो टाकतात. तसे करू नये. एका लेखाला एक दुपार गेली तरी चालेल, तो मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डने युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा. परंड्याच्या वेबसाइटसाठी करण्यासारखे सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते.

आता चौथा आक्षेप, खरा कळीचा. येणार कोण?

गूगलच्या नेहमीच्या निकालांत येण्यासाठी पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते जाहिरातीच्या जागेला, आणि तिथे तसा शिक्का असतो. तरीही ‘अमुक रुपयांत हजार व्हिजिटर’ असे सांगणारे भेटतातच. ते हजार बहुधा माणसे नसतात. यंत्राने मोजणीचा आकडा वाढवलेला असतो. अशा आकड्याने कुणी डोमगावला जात नाही की कुणाला कल्याणस्वामी कळत नाहीत.

पहिला वाचक प्रश्न घेऊन येतो. ‘परंडा शहराविषयी संपूर्ण माहिती’ या मथळ्याच्या पानाकडे तो फिरकणार नाही, कारण असा प्रश्न कुणाच्या मनात नसतो. त्याचे प्रश्न नेमके असतात. कुर्डुवाडीला रेल्वेतून उतरल्यावर परंड्याला कसे यायचे? बार्शीहून शेवटची एसटी किती वाजता? किल्ल्यात प्यायचे पाणी मिळते का? आजीला घेऊन डोमगावच्या समाधीपर्यंत गाडी जाते का? सोनारीच्या भैरवनाथाची यात्रा यंदा कोणत्या तारखेला? एका प्रश्नाला एक पान, मथळ्यात तोच प्रश्न, पहिल्या दोन ओळींत उत्तर, खाली माहिती शेवटची कधी तपासली ती तारीख. एवढे केले तर फुकटचे पानही वर येते, कारण त्या प्रश्नाला मराठीत उत्तर देणारे दुसरे पान बहुतेक नसतेच. मोठ्या शहराविषयी लिहिणाऱ्याला हा फायदा मिळत नाही.

दूरचे वाचकही प्रश्नाच्याच वाटेने येतात. विजापूरच्या शेरझा बुरुजावरची मुलूखमैदान तोफ पाहून दरवर्षी असंख्य लोक थक्क होतात. ती तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला रूमी खानाने ओतली, वजन सुमारे ५५ टन. विजापूरला जाण्याआधी ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून नेली गेली. विजापुरात उभा राहून मोबाइलवर ‘मुलूखमैदान तोफ’ शोधणाऱ्या माणसाला परंड्याकडे वळवायला एक नेटके पान पुरे. तीच गोष्ट निजामशाहीची. मोगलांनी १६०० मध्ये अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले ते परंड्यात. मलिक अंबरवर निबंध लिहिणारा विद्यार्थी त्या पानाचा वाचक.

नावांकडेही लक्ष हवे. कुणी परंडा लिहितो, कुणी परांडा. जुन्या इंग्रजी इतिहासग्रंथांत परेंडा आढळतो. जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२३ पासून धाराशिव आहे, पण बाहेरगावचा माणूस आजही सवयीने उस्मानाबाद शोधतो. ही सगळी रूपे पानावर ओघात यायला हवीत, म्हणजे कोणत्याही नावाने निघालेला माणूस पोचेल.

वेबसाइट तयार झाली की गूगल सर्च कन्सोल या मोफत साधनात तिची नोंद करावी. पाने शोधात दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. मग तिथे एक तक्ता दिसू लागतो: लोकांनी कोणते शब्द टाइप केले, तेव्हा आपले पान किती वेळा दिसले, त्यावर किती जणांनी बोट ठेवले. हा तक्ता नीट वाचावा. समजा ‘परंडा किल्ला तोफ फोटो’ या शब्दांवर पान बऱ्याचदा दिसले आणि कुणीच आत आले नाही, तर समजावे की लोकांना तोफांचे फोटो हवेत आणि आपल्या मथळ्यात त्यांचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी किल्ल्यात जावे, बुरुजाबुरुजावरच्या तोफांचे फोटो काढावेत, कोणती तोफ कोणत्या बुरुजावर ते लिहावे. फोटो आकाराने लहान करावेत, कारण किल्ल्याच्या दारात उभ्या असलेल्याच्या मोबाइलला रेंज कमी असू शकते. कॅमेऱ्याने दिलेले आकड्यांचे नाव काढून फाइलला बुरुजाचे नाव द्यावे. वाचक काय मागतो आहे ते कळले की पुढचे पान कोणते लिहायचे हा प्रश्नच उरत नाही.

आणि गावातल्या ओळखीचा उपयोग करताना संकोच कशाला? पण ‘आमच्या वेबसाइटला भेट द्या’ हा निरोप शंभर ग्रुपांत टाकू नये. तो वाचला जात नाही. इतिहासाच्या शिक्षकांना किल्ल्याचे पान पाठवावे आणि चूक दाखवायला सांगावे. चूक शोधायला बसलेला माणूस पान शेवटपर्यंत वाचतो, आणि त्याची दुरुस्ती पानावर दिसली की तोच ते पुढे दहाजणांना पाठवतो. बसस्थानकाजवळच्या चहावाल्याला विचारून त्याच्या भिंतीवर बसच्या वेळांच्या पानाचा क्यूआर कोड लावावा. एसटीची वाट पाहत बसलेल्या प्रवाशाला त्याच घडीला तेच हवे असते.

पाचवा आक्षेप थोडक्यात संपतो. विकिपीडियाचा नियमच असा की आधी विश्वसनीय ठिकाणी प्रसिद्ध झालेलीच माहिती तिथे चालते. तटाची कोणती बाजू गेल्या पावसाळ्यात ढासळली, खंदकाच्या कडेची कोणती वाट निसरडी आहे, ही ताजी माहिती तिथे येऊ शकत नाही. ती गावातल्याच माणसाला असते. मात्र आपल्या वेबसाइटची लिंक स्वतःच विकिपीडियावर चिकटवत सुटू नये, त्याने पत जाते. त्याऐवजी आपले चांगले फोटो मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सला द्यावेत. ते कुठल्याही भाषेतल्या लेखात वापरता येतात आणि फोटो काढणाऱ्याचे नाव सोबत राहते.

वेब हे साधनच मुळात मोफत मिळालेले आहे. टिम बर्नर्स ली यांनी सर्न या संस्थेत ते घडवले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सर्वांसाठी खुले केले. त्यावर कुणाची परवानगी किंवा वर्गणी लागत नाही, म्हणूनच परंड्यातला अकरावीचा विद्यार्थीही आज संध्याकाळी पहिले पान उभे करू शकतो. ते पान बसच्या वेळांचे असावे असे मी सुचवेन. किल्ला काही शतके थांबला आहे, तो आणखी आठवडाभर थांबेल. बार्शीहून शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे मात्र कुणाला तरी आजच हवे आहे.