लोगां क्या बोलेंगे?

चितेगावच्या कारखान्यात माझ्यासोबत शिफ्ट करणारा एक दोस्त आहे. एका रात्री निरोधशिवाय संबंध आला आणि त्याची झोप उडाली. मोबाइलवर लक्षणं शोधायची, आरशात जीभ बघायची, मानेतल्या गाठी चाचपायच्या. साधा ताप आला तरी आता आपण महिनाभरात जाणार, असं त्याला वाटायचं. मला सांगितलं तिसऱ्या आठवड्यात. टेस्ट का केली नाहीस, विचारलं तर म्हणे, "भाई, लोगां क्या बोलेंगे?"

माझा राग 'हे आपल्यात होत नाही' म्हणणाऱ्या बुजुर्गांवर आहे. संसर्गाची शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत पेपच्या गोळ्या सुरू करता येतात. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. ते ७२ तास या पोराने भीतीत घालवले. जुम्याच्या बयानात जहन्नम त्याने शेकडो वेळा ऐकलीय, हे एकदाही नाही.

सांगितलं तर पोरं बिघडतील म्हणे! न सांगता काय झालं ते समोर आहे. गुनाहची तौबा अल्लाहपुढे करायची, रक्त मात्र तपासणी केंद्रातच द्यावं लागतं. आणि उद्या याचा निकाह ठरेल. मेहर आणि दावतीवर आपण रात्र रात्र बसतो, पण तपासणीचा शब्द काढला की खानदानाची इज्जत जाते. त्या मुलीच्या जिवाचं काय?

लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते, आधी समुपदेशक बोलतो. सुरुवातीला निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची. पॉझिटिव्ह आली तरी लगेच एड्स होत नाही. उपचार न घेतल्यास तिथवर जायला साधारण आठ-दहा वर्षं लागतात. एआरटीच्या गोळ्या सरकार २००४ पासून मोफत देतं. त्या नियमित घेतल्या, रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, की संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. २०१७ च्या कायद्यानुसार तुमचा निकाल गावभर करता येत नाही.

दोस्ताला घेऊन मी घाटीत गेलो. पहिली तपासणी झाली, दुसरी बाकी आहे. आमच्या मशिदीच्या नोटीस बोर्डावर १०९७ हा हेल्पलाइन नंबर लावा, असं मी कमिटीला लिहून दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही. येत्या जुम्याला पुन्हा विचारणार आहे, सगळ्यांसमोर.