परराज्याची पासिंग आणि रस्त्यावरचा न्याय

रस्त्यावर वाहन अडवून तपासणी करण्याचा अधिकार हा शासनसंस्थेच्या सर्वांत दृश्य अधिकारांपैकी एक आहे. न्यायालयाची पायरी कधी न चढलेला, तहसील कचेरीत वर्षातून एखाद्या वेळीच जाणारा नागरिकही हा अधिकार ओळखतो. कारण तो हात आडवा करून त्याच्यासमोर उभा राहतो. एखाद्या जिल्ह्यात कायद्याचे राज्य किती खोल रुजले आहे, हे पाहायचे असेल तर तेथील नाकाबंदीकडे पाहावे. कोणती गाडी थांबवली जाते आणि कोणती सलाम घेऊन पुढे जाते, यात त्या जिल्ह्याची सामाजिक रचना वाचता येते. बीड जिल्ह्याच्या बाबतीत हे वाचन आज विशेष निकडीचे झाले आहे.

बीड शहरात प्रवासी रेल्वेगाडी पोहोचायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. परळीला रेल्वे जुनी. परंतु पाटोदा, गेवराई, केज, धारूर या तालुक्यांतील माणसाचे जगणे आजवर एस.टी.वर आणि खासगी वाहनावरच चालत आले. ज्या प्रदेशात सार्वजनिक वाहतूक अपुरी असते, तेथे जुनी मोटार ही चैन नसून उत्पन्नाचे साधन ठरते. अशी मोटार स्वस्त मिळते ती परराज्यात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि तेथील गाड्या पडत्या भावाने देशभर विकल्या गेल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने या कारवाईला बऱ्याच अंशी आवर घातला; पण तोवर महानगराने टाकून दिलेले वाहन ग्रामीण भागातील तरुणाच्या पोटापाण्याचे साधन होऊन बसले होते. ‘दिल्ली पासिंग’ हा शब्द मराठवाड्यात रूढ झाला तो असा.

अशी गाडी अडवली गेली की प्रश्न विचारला जातो तो बहुधा एकच : ‘बाहेरची पासिंग इथे कशी?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यात झालेली नोंदणी संपूर्ण भारतात वैध असते. कलम ४७ एवढेच सांगते की, वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले गेले, तर त्या राज्याचा नवा क्रमांक घेतला पाहिजे. वाहन अटकावून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ देते. परंतु तो नोंदणी, लायसन किंवा आवश्यक तो परवाना नसल्याचे सकारण वाटत असेल तेव्हाच. चोरीचा संशय ही वेगळी गोष्ट झाली. केवळ पाटीवरची अक्षरे परकी आहेत, हे वाहन जप्त करण्याचे कारण होऊ शकत नाही. कागदपत्रे मोबाइलवर, डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी ती मूळ कागदांच्या बरोबरीने ग्राह्य धरावीत, अशीही तरतूद आज नियमांत आहे. हे सारे ठाऊक नसलेला चालक भीतीने खिशात हात घालतो आणि पावती न घेता सुटका करून घेतो. अज्ञानावर उभारलेला हा महसूल राज्याच्या तिजोरीत जात नाही, हे सांगावयास नकोच.

दुसरा प्रश्न वाहनातील फेरफाराचा. या बाबतीत कायदा कठोर आहे आणि तो तसा असण्यास सबळ कारण आहे. कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ तितक्याच ठामपणे लावला. सी.एन.जी. किट बसवता येते, पण ते मान्यताप्राप्त असावे लागते आणि त्याची नोंद आर.सी. पुस्तकात व्हावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने मालकास प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. जीपमध्ये वाढवलेली बाके, घरगुती सिलिंडरवर चालवलेले इंजिन यांत बळी जातो तो प्रवाशाचाच. गरिबीच्या नावाखाली अशा बदलांचे समर्थन करणे म्हणजे गरिबाचा जीव स्वस्त मानणे होय. समाजवादी विचाराने ही चूक करता कामा नये.

परंतु दंडाचे अर्थशास्त्रही ध्यानात घेतले पाहिजे. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनामागे सुमारे ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो असे धरले, तर ५,००० रुपये ही दोघांच्या जवळजवळ आठवडाभराच्या श्रमाची किंमत होते. तेवढीच रक्कम वाळूच्या वा गुत्तेदारीच्या पैशावर पोसलेल्या मोटारवाल्यास एका वेळच्या डिझेलपुरती वाटते. दंडाचा आकडा सारखा असला म्हणून शिक्षा सारखी होत नाही. फिनलंडने १९२१ पासून मिळकतीच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत स्वीकारली आहे आणि ती वेगमर्यादा मोडणाऱ्या श्रीमंतांनाही लागू होते. आपल्याकडे त्याची चर्चादेखील होत नाही.

नोंदणीच्या व्यवस्थेतही हीच वर्गीय दृष्टी दिसते. सप्टेंबर २०२१ पासून ‘बी.एच.’ मालिका सुरू झाली. राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. ही सोय कोणाला? सैन्यदलांतील व सरकारी नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना. बदलीचा हुकूम घेऊन राज्य ओलांडणाऱ्यासाठी शासनाने वाट मोकळी केली. पोटासाठी राज्य ओलांडणाऱ्यास मात्र ना-हरकत दाखला, नव्या राज्याचा कर आणि जुन्या राज्याकडून परतावा यांच्या हेलपाट्यांत सोडून दिले.

आणि राज्य ओलांडणारे तरी कोण? दसरा उलटला की बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. मुकादमाची उचल अंगावर घेऊन, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, शेरडे आणि लेकरे घेऊन ती जातात. बेळगावच्या रस्त्यावर एम.एच. २३ किंवा एम.एच. ४४ ची पाटी हीच ‘परराज्यातील’ पाटी असते. बीडमध्ये परक्या पाटीकडे संशयाने पाहणाऱ्यांनी विसरू नये की, वर्षातले पाच-सहा महिने हा जिल्हाच दुसऱ्याच्या नाक्यावर उभा असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून, मागे ना दिवा ना परावर्तक अशा अवस्थेत रात्री ऊस वाहिला जातो. अपघात झाला की गुन्हा चालकावर दाखल होतो. ज्या कारखान्याच्या काट्यावर ती ट्रॉली रोज वजन करून घेतली जाते, त्याला मात्र कोणी जाब विचारत नाही.

या चित्राच्या दुसऱ्या बाजूस काळ्या काचांची मोटार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच काचांवरील काळ्या फिल्मना बंदी केली. क्रमांकाच्या पाटीचा आकार व अक्षरे नियमाने ठरलेली आहेत. तरीही ८०५५ हे आकडे ‘बॉस’ असे वाचले जावेत अशा रीतीने रंगवणे, पाटीवर नेत्याचे नाव वा पक्षाचे चिन्ह मिरवणे ही प्रतिष्ठेची खूण मानली गेली. ही केवळ हौस नव्हे. ‘मला थांबवू नका’ असे त्या पाटीने पोलिसाला दिलेले हे फर्मान असते. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना भर रस्त्यात त्यांच्या गाडीतून ओढून नेऊन ठार मारण्यात आले. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. परंतु रस्त्यावर वाहन अडवण्याची सत्ता पोलिसांखेरीज इतरांनी आपल्या हाती घेतली की काय घडते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. दुबळ्याची गाडी तपासण्यात ज्या यंत्रणेची शक्ती खर्च होते, तिला बलवानाची गाडी दिसेनाशी होते.

म्हणून मागणी तपासणी बंद करण्याची नसून ती सर्वांना सारखी लागू करण्याची असली पाहिजे. अडवलेल्या प्रत्येक वाहनाची नोंद व्हावी. अटकावणीचे कारण कलमासह लेखी मिळावे. पावतीविना एक रुपयाही घेतला जाऊ नये. गळीत हंगामापूर्वी परिवहन विभागाने तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे भरवून परराज्यातील गाड्यांचे क्रमांक बदलून द्यावेत आणि ट्रॉल्यांची तपासणी करावी. परावर्तकांचा व दिव्यांचा खर्च कारखान्यांवर टाकावा. दंड मिळकतीशी जोडण्याच्या प्रश्नावर विधिमंडळात चर्चा घडवून आणावी.

कार्यकर्त्यांवरही एक जबाबदारी येते. नाक्यावर अडकलेल्या चालकाला कलम सांगणे, त्याच्यासोबत परिवहन कार्यालयात जाणे, हे मोर्चाइतकेच राजकीय काम आहे. मात्र ते करण्यापूर्वी आपल्या गाडीच्या पाटीवरील पदाचे नाव आणि काचेवरील काळी फिल्म काढून टाकावी. समतेचा कायदा मागणाऱ्याने नाकाबंदीच्या रांगेत इतरांबरोबर उभे राहण्याची तयारी आधी दाखवली पाहिजे.