पाच वेळा भरवायचं, पण कधी?



गेल्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेच्या बांधावर मी एका आईला बालआहार समजावून सांगत होते. ती सुरगाण्याकडून टोळीबरोबर कामाला आलेली. दीड वर्षाचा मुलगा झोळीत आणि झोका द्यायला सात वर्षांची बहीण. बहिणीची शाळा गावी राहिलेली. मी म्हणाले, "बाळाला दिवसातून पाच वेळा थोडं थोडं भरवा." ती हसली. "ताई, उजाडलं की आम्ही बागेत. काम उक्तं. पाच वेळा कधी भरवू?"

मला उत्तर देता आले नाही. समाजकार्याच्या अभ्यासात 'मातांचे प्रबोधन' हे शब्द मी कितीदा लिहिले असतील! त्या मातेच्या दिवसाचे तास मात्र कधी मोजले नव्हते.

मूल अशक्त असले की 'आईला कळत नाही' असे म्हणून आपण मोकळे होतो. आकडे काय सांगतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. देशात सर्वांत गरीब घरांत हे प्रमाण ४६ टक्के, तर सर्वांत सधन घरांत २३ टक्के. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आयांच्या मुलांत ४६, बारावी वा पुढे शिकलेल्यांच्या मुलांत २६. म्हणजे मुलाची उंची ठरवण्यात घरची मिळकत आणि आईला मिळालेली वा नाकारलेली शाळा यांचाही वाटा आहे. झोका देणारी ती सात वर्षांची मुलगी उद्या आई होईल, तेव्हा हाच हिशेब पुन्हा मांडला जाईल.

सवयींचेही तसेच. पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा कॉलेज रोडवरच्या मुलाच्या हातातही असतो. त्याला तो जेवणानंतरचा खाऊ. बांधावरच्या मुलाचे ते दुपारचे जेवण. दोघांच्या आयांना एकच भाषण देऊन कसे चालेल?

आणि भाषण फक्त आयांनाच का? 'पालक' म्हणून बैठकीला बोलावतो ती बाईच. बाप त्याच बागेत काम करतो, पण मुलाला कोणी भरवले हे त्याला कोणी विचारत नाही.

योजना नाहीत असे नाही. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांसाठी एक वेळच्या गरम जेवणाची तरतूद झाली. पण बाई दिवाळीनंतर गाव सोडते आणि तिचे नाव गावच्या वहीतच राहते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद केली होती. म्हणजे मूल सांभाळणे हेही मजुरी देण्याजोगे काम आहे, हे कायद्याला कळले होते. ते बागायतदाराला आणि मुकादमाला कधी कळणार?

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. हंगामात बागांजवळ पाळणाघर हवे. आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद जवळच्या अंगणवाडीत, त्याच आठवड्यात व्हावी. तान्ह्या मुलाच्या आईला भरवण्यासाठी मजुरी न कापता सुट्टी मिळावी.

येत्या हंगामात आपल्या गावाजवळच्या टोळीकडे जा. मुलांचे वजन जरूर विचारा. पण आधी विचारा, बाई, तुझा दिवस किती वाजता सुरू होतो?