फक्त अभ्यास कर, असं सांगू नका

वस्तीतली मुलगी एमबीबीएसला लागली की आपण बजावतो, 'बाकी काही करू नको, फक्त अभ्यास कर.' नर्स म्हणून मला हे पटत नाही.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर वैद्यकीय विद्यार्थी अनुयायांचं बीपी तपासतात, चालून आलेल्या फोडांना मलमपट्टी करतात. ही आपली रीत वर्षातून एकच दिवस का?

देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं, तेव्हा आसपासच्या वस्त्यांत कित्येक दिवस धूर होता. अशा ठिकाणी नुसतं खोकल्याचं औषध देऊन भागत नाही. 'कचरा जाळू नका, उचला,' असं वॉर्ड ऑफिसला लेखी देणं हाही उपचारच. गल्लीत दम लागणारे किती, हे तीच मुलगी नीट मांडू शकेल.

तिला महिन्यातून एक रविवार विहारात येऊ द्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला कुणाला आहे, ते ती विचारील. थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात आपण नेऊ. तपासणी मोफत आहे. परीक्षेच्या दिवसांत मात्र तिला हाक मारू नका.