काळी आणि पांढरी

दिवाळीत आसेगावला गेलो, तर आमच्या बांधाला लागून असलेल्या वावरात चुन्याच्या रेघा दिसल्या. सोयाबीन निघालं होतं आणि रिकाम्या रानात लाल रंग दिलेले दगड रोवले होते. "प्लॉट पडले," पुतण्या म्हणाला. त्याच्या आवाजात हेवा होता. रात्री जेवताना त्याने हळूच विषय काढला, "काका, आपलंही देऊन टाकू. सोयाबीनमधी उरते काय हो?"

सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. सही माझीही लागणार.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. नोकरीची सारी वर्षं मी बँकेत काढली. पीककर्जं वाटली, तशी घरकर्जंही वाटली. कागदांत अकृषक आदेश जोडलेला आहे ना, एवढं पाहून सही केली. त्या घराखाली कुठलं रान गेलं, हे विचारलं नाही. तेव्हा हिरव्या शेताच्या नावाने आज गळा काढण्याचा मला फारसा अधिकार नाही. आणि माणसांना घरं लागतात, हेही खरंच.

पण आपल्या जुन्या माणसांनी एक भेद सांभाळला होता. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. गाव बसवायचं ते पांढरीवर, काळीला हात लावायचा नाही. यात भाबडेपणा नव्हता, हिशेब होता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तूर-कपाशीला ती मानवते, पण पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतीही तिच्यासारख्याच तडकतात. प्लॉट विकणारा हे सांगत नाही. घरकर्जाच्या अर्जातही तसा रकाना मी कधी पाहिला नाही.

आमच्या मंगरुळपीर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये उरलेला रस्ताही खुला झाला. या रस्त्याच्या कडेने 'कृषी समृद्धी केंद्रं' या नावाने नवनगरं वसवायची, असं मूळ योजनेतच होतं. वावरात शहर वसवायचं आणि नाव कृषीचं! शेलूबाजारजवळ महामार्गावर चढता येतं, म्हणून आसपासच्या प्रत्येक वावराकडे लोक आता प्लॉट म्हणूनच पाहू लागले आहेत.

वसईचं उदाहरण आठवावं. केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांवर इमारती येऊ लागल्या, बागायतीच्या विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईची चळवळ उभारली. लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले. काही हिरवा पट्टा त्यामुळे राहिला, पण पुष्कळ गेला. दुसरीकडे पुण्याजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन एकत्र केली, स्वतःच कंपनी काढली आणि जमिनीच्या हिश्शाने मालकी ठेवली. शेत तिथेही गेलंच. पण शेतकरी मालक राहिला, आपल्याच वावरातल्या इमारतीचा पहारेकरी झाला नाही. अर्थात हडपसरला पुणे चिकटून होतं. आसेगावला काय चिकटून आहे?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. घरं बांधायचीच तर आधी गावठाणातली पडकी, कुलूप लागलेली घरं पाहा. मग बरड, मुरमाड जमीन पाहा. काळीला हात सगळ्यांत शेवटी. आणि रेघा मारण्याआधी ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडा. उन्हाळ्यात आहे त्या नळांना पाणी पुरत नाही, तिथे नव्या दोनशे घरांना ते कुठून आणणार?

पुतण्याला मी नकार दिला नाही. त्याच्या दोन मुली शिकतात आणि सोयाबीनचा हिशेब मीही केला आहे. तो खोटं बोलत नाही. दलालाला तीन प्रश्न विचार, एवढंच म्हणालो : पाणी कुठलं, सांडपाणी कुठे जाणार आणि पाच वर्षांनी रस्ता कोण दुरुस्त करणार? दलाल म्हणाला, ते ग्रामपंचायत पाहील. सरपंचांना विचारलं, तर ते म्हणाले, ते बिल्डर पाहील.

पुतण्या माझ्यावर थोडा रुसला आहे. तूर मात्र यंदा छातीएवढी झाली आहे. सही अजून मी केलेली नाही.