विश्लेषण : गर्भाशयाच्या अस्तराचा दाह ओळखणे अवघड का?

वारंवार गर्भपात होत असेल किंवा आयव्हीएफमध्ये चांगले भ्रूण सोडूनही गर्भ रुजत नसेल, तर हल्ली रिपोर्टवर ‘क्रॉनिक एंडोमेट्रायटिस’ हा शब्द दिसतो. (नावात साम्य असले तरी एंडोमेट्रिओसिस हा वेगळा आजार.) गर्भ ज्या अस्तरात रुजतो, त्याचाच हा रेंगाळलेला दाह. पण तो आहे की नाही, यावरच डॉक्टरांचे एकमत होत नाही.

लक्षणे नसतात का?
प्रसूती वा गर्भपातानंतर अचानक होणाऱ्या दाहात ताप येतो, ओटीपोट दुखते. तो लपत नाही. जुनाट दाहात मात्र मधूनच डाग पडतात, नाहीतर काहीच जाणवत नाही. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीही बहुधा नॉर्मल येते.

मग निदान कशावर?
अस्तराची बायोप्सी करून त्यात प्लाझ्मा पेशी शोधतात. नेहमीच्या रंजकात त्या सहज नजरेतून सुटतात, म्हणून सीडी-१३८ हे प्रथिन रंगवणारी चाचणी करतात. गंमत अशी, की हे प्रथिन अस्तराच्या निरोगी पेशींवरही असते. खरी मेख पुढेच आहे : किती प्लाझ्मा पेशी दिसल्या म्हणजे आजार? एखाददुसरी निरोगी स्त्रीतही सापडते. कोणी एक पुरेशी मानतो, कोणी पाच. त्यामुळेच वंध्यत्व असलेल्या स्त्रियांमध्ये या दाहाचे प्रमाण कुठल्या अभ्यासात ३ टक्क्यांच्या आसपास, तर कुठल्या अभ्यासात ५० टक्क्यांहून अधिक निघते. दुर्बिणीच्या तपासणीत (हिस्टेरोस्कोपी) लालसरपणा, सूज, एक मिलिमीटरहून लहान पॉलिप दिसतात. तेही पाहणाऱ्यागणिक बदलते.

भारतात गुंता अधिक का?
क्षयामुळे. अस्तराच्या क्षयात जंतू इतके थोडे असतात की स्मिअर आणि कल्चर अनेकदा हुकतात. उलट पीसीआर मेलेल्या जंतूंच्या डीएनएनेही पॉझिटिव्ह येऊ शकते. केवळ त्या एका रिपोर्टवर सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू करणे योग्य नाही. शिवाय प्लाझ्मा पेशींसाठी नमुना सहसा पाळीनंतर, बीज सुटण्यापूर्वी घेतात. क्षयासाठी पाळीच्या तोंडावर. एकाच नमुन्यात दोन्ही नीट भागत नाही.

औषध देऊन पाहायला काय हरकत?
सहसा डॉक्सिसायक्लिन १४ दिवस देतात. दाह गेल्यावर गर्भधारणा वाढल्याचे अभ्यास आहेत, पण बरेचसे छोटे. गरज नसताना प्रतिजैविके घेण्याची किंमत असतेच. त्यामुळे रिपोर्ट हातात आल्यावर डॉक्टरांना विचारावे : नमुना पाळीच्या कितव्या दिवशी घेतला, पेशी किती दिसल्या आणि निकष कोणता लावला?